यादीत नसलेले उत्तर

तुमची मातृभाषा कोणती, हा प्रश्न सरकार दर दहा वर्षांनी आपल्या उंबरठ्यावर येऊन विचारते. २०२१ साली तो विचारायचा राहून गेला, कारण कोरोना. आता नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा ठरला आहे. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला या प्रश्नात विचार करण्यासारखे काही असेल असे वाटणारही नाही. आमच्या तिगावात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या छिंदवाडा आणि त्यानंतरच्या पांढुर्णा जिल्ह्यात, तो कधीच इतका सोपा नव्हता. इथे माणूस चुलीपाशी एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि तहसील कचेरीत तिसरी. तिन्ही भाषांत तो तितकाच खरा असतो, आणि वेळ आली तर तितकाच खोटाही.

आता या प्रश्नात एक नवी गोष्ट शिरली आहे. जनगणना कागदावर नव्हे, मोबाईलवर होणार. लांबणीवर पडलेल्या २०२१ च्या जनगणनेची तयारी चालू असतानाच जनगणना कार्यालयाने सांगून ठेवले होते की, ज्या प्रश्नांची उत्तरे शब्दांत द्यावी लागतात, म्हणजे कुटुंबप्रमुखाशी नाते, मातृभाषा, येत असलेल्या इतर भाषा, व्यवसाय, जन्मस्थान, त्यांच्या संभाव्य उत्तरांची आणि संकेतांकांची एक निर्देशिका केली आहे. प्रगणकाने रकान्यावर बोट ठेवायचे, यादी उलगडेल, त्यातले योग्य ते निवडायचे. बँकेत, रेशनच्या दुकानात, परीक्षेच्या अर्जात आपण हे रोज पाहतो. रकाना आधी रिकामा असतो, पण मोकळा नसतो. त्यात काय येऊ शकते हे कोणीतरी, कुठेतरी, आपल्या आधीच ठरवून ठेवलेले असते.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. जे उत्तर यादीत नाही ते देणाऱ्या माणसाचे काय करायचे? जवळात जवळचे नाव निवडून पुढच्या घरी जायचे, याला काम उरकणे म्हणावे की खोटी नोंद म्हणावी? आणि खोटी नोंद असेल तर तिचा दोष कोणाचा? बोट ठेवणाऱ्याचा, यादी करणाऱ्याचा, की ‘असू द्या, टाका तेच’ म्हणणाऱ्याचा?

यादीची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती बळकट आहे. साहित्याच्या पानांवर यादीची, कारकुनाची आणि संगणकाची टिंगल करणे सोपे असते. पण ज्याने आयुष्यात शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर सांभाळले आहे त्याला ठाऊक असते की मोकळा रकाना म्हणजे काय दैना. आमच्याच गावाचे नाव घ्या. मराठीत तिगाव, हिंदी कागदावर कधी तिगांव तर कधी तीगाँव, इंग्रजीत कधी एक आय तर कधी दोन ई. माणसाला हे एकच गाव वाटते, यंत्राला पाच. पवार समाजाचे पाहा. पवार, पोवार, पंवार, भोयर, भोयर पवार. त्यात इंग्रजी स्पेलिंगांची भर. एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर दोन स्पेलिंगे मी पाहिली आहेत, आणि त्यापायी जात प्रमाणपत्रासाठी दोघांनी घातलेले हेलपाटेही पाहिले आहेत.

याचे देशव्यापी उदाहरण म्हणजे २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जातविषयक गणना. तिच्यात जातीचा रकाना मोकळा होता. १९३१ च्या जनगणनेत जातींची संख्या ४,१४७ होती. २०११ च्या त्या गणनेत सेहेचाळीस लाखांहून अधिक नावे जमा झाली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हे सांगितले, तेव्हा महाराष्ट्राचा हिशेबही दिला: सरकारी याद्यांतल्या जाती ४९४, आणि गणनेत सापडलेल्या ४,२८,६७७. जाती काही रातोरात वाढल्या नव्हत्या. पोटजाती, कुळे, आडनावे, गोत्रे, स्पेलिंगांच्या चुका, सगळे एकाच पोत्यात भरले गेले होते. ते आकडे कधी बाहेर आलेच नाहीत. लोकांनी उत्तरे दिली, प्रगणकांनी ती लिहिली, आणि सगळे वाया गेले. तेव्हा ‘रकाना मोकळा ठेवा, माणूस म्हणेल ते लिहा’ एवढे म्हणून भागत नाही. मोजायचे असेल तर कुठेतरी वर्ग करावेच लागतात. वर्ग करणे हा काही अपराध नव्हे. ‘झाड’ म्हटले की संत्रा, मोसंबी आणि बाभूळ यांचा फरक आपण गिळलेलाच असतो; भाषेचे कामच तसे चालते.

मग अडते कुठे? मला वाटते, वर्ग कोण करतो यापेक्षाही तो केव्हा केला जातो, इथे अडते.

मी शिक्षक होतो, आणि शिक्षकाच्या नशिबी जनगणना असतेच. १९८१ आणि १९९१, दोन्ही वेळी मी प्रगणक होतो. फेब्रुवारीचा महिना, संत्र्याच्या बागांतून आंबिया बहाराचा वास, खांद्याला पत्रकांची पिशवी. आमच्या हाती सूचनांची पुस्तिका असे. मातृभाषेची तिच्यातली व्याख्या मला आजही नेमकी आणि काहीशी हृद्यही वाटते: माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलली ती भाषा, आई लवकर वारली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली गेलेली भाषा. आणि पुढे सक्त ताकीद असे की माणूस जे नाव सांगेल ते पूर्ण लिहा, संक्षेप करू नका, ती भाषा आहे की बोली याचा निवाडा तुम्ही करू नका, वाद घालू नका.

१९९१ साली एका घरी एक वयस्क बाई होत्या. मी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, घरी त आमी पवारीच बोलतो. बाजारात मराठी बोलतो. पोट्टे शाळेत हिंदी शिकते. आता तुमचा कागद कोनती मांगते ते तुमी सांगा.”

मी विचारले, “तुम्ही लहान होत्या तेव्हा माय तुमच्याशी काय बोलायची?”

“माय काय बोलन जी? तिले काय दुसरी येत होती? पवारीच.”

मी ‘पवारी’ लिहिले. पुढच्या दोन रकान्यांत, येत असलेल्या इतर भाषा म्हणून, मराठी आणि हिंदी लिहिल्या. संध्याकाळी पत्रके तपासताना आमचे पर्यवेक्षक म्हणाले, “हे कशाला? वर गेल्यावर कोणीतरी ते हिंदीतच टाकणार आहे. तुम्हीच हिंदी लिहिले असते तर त्याचे काम वाचले असते.” माणूस वाईट नव्हता, दिवसभराचा थकलेला होता, आणि त्याचे भाकीतही खरे होते. मी त्यांना म्हटले, “टाकणे त्याचे काम आहे, सांगणे त्या बाईंचे, आणि लिहिणे माझे. ही तीन कामे तीन माणसांची आहेत, ती तशीच राहू द्या.” त्यांनी खांदे उडवले आणि सही केली.

त्या वेळी हे मी नियमावर बोट ठेवून बोललो होतो. पुढे आकडे वाचत गेलो तसा त्या नियमातला अर्थ मला अधिक कळला. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली मूळ नावे होती १९,५६९. भाषातज्ज्ञांनी ती तपासली, जुळवली, स्पेलिंगे एकत्र केली. उरल्या १,३६९ मातृभाषा. आणखी १,४७४ नावे अशी होती की ती कुठे घालावी हे ठरले नाही. ती ‘इतर’मध्ये गेली. मग त्या १,३६९ मातृभाषांमधून, दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्या भाषांची संख्या निघाली १२१. या कामाला वर्षे लागली. भाषांचे तक्ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या तक्त्यांत पवारी आहे. सुमारे सव्वातीन लाख लोकांची ती मातृभाषा म्हणून नोंदली आहे, आणि ती आहे हिंदी या मोठ्या शीर्षकाखाली, भोजपुरी, छत्तीसगढी, राजस्थानी यांच्या रांगेत. हिंदीचा बावन्न कोटी त्र्याऐंशी लाखांचा जो आकडा आपण ऐकतो तो या सगळ्या मिळून. ज्यांनी नुसते ‘हिंदी’ असे सांगितले ते बत्तीस कोटी.

म्हणजे पर्यवेक्षकांचे भाकीत खरे ठरले. पवारी हिंदीतच गेली. पण फरक आहे तो इथे. ती हिंदीखाली गेली, हिंदीत विरघळली नाही. सव्वातीन लाखांची ती ओळ तक्त्यात दिसते. उद्या एखादा अभ्यासक उठून म्हणू शकतो की ही ओळ चुकीच्या शीर्षकाखाली आहे. ती माळवीच्या जवळची आहे, किंवा आमच्या भागात मराठीशी तिची इतकी सरमिसळ झाली आहे की तिला वेगळेच मोजायला हवे. तो वाद घालता येतो, कारण मूळ शब्द शिल्लक आहे. वर्ग चुकला तर दुरुस्त होतो. उंबरठ्यावरच ‘हिंदी’ निवडले गेले असते तर दुरुस्त करायला काही उरलेच नसते. आकडा बरोबर दिसला असता, बेरीज जुळली असती, आणि चूक कोणाला कधी सापडली नसती.

यादी उंबरठ्यावर आली की नेमके हे घडते. पूर्वी उत्तर आधी, वर्ग नंतर. आता वर्ग आधी आणि उत्तर त्यातून निवडायचे. प्रश्नाचे शब्द तेच राहतात, पण प्रश्न बदलतो. ‘तुमची मातृभाषा कोणती’ याचा अर्थ ‘यांतली तुमची कोणती’ असा होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला माणसाला स्वतःच्या आईची आठवण काढावी लागते. दुसऱ्याचे द्यायला समोरची यादी पाहावी लागते. आणि समोर यादी असली की शहाणा माणूस अंदाज घेतो, सरकारला यातले काय हवे असेल? त्या बाईंनी तोच प्रश्न मला विचारला होता, नाही का? तुमचा कागद कोणती मागते. माझा कागद कोणतीच मागत नव्हता, म्हणून मी मायकडे जाऊ शकलो.

नोंद करणाऱ्याने काय करावे, याचा धडा घ्यायला आम्हांला दूर जावे लागत नाही. पांढुर्ण्याहून खाली उतरले की वऱ्हाड, आणि वऱ्हाडात रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या माणसामाणसाला विचारून. ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्या तोंडून. महानुभाव परंपरेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाच प्रसंगाची एकाची आठवण एक आणि दुसऱ्याची वेगळी पडली, तर एक खरी धरून दुसरी फेकून दिली गेली नाही; ती ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदली गेली. लीळाचरित्र वाचताना हे पाठभेद अडखळवतात हे खरे. सरळ, एकसूर मजकूर वाचायला सोपा गेला असता. पण ज्याची आठवण वेगळी होती तो माणूस मग त्या ग्रंथात उरला नसता.

आता दुसऱ्या प्रकारच्या यादीकडे येतो, कारण तिथे पणाला लागते ते नुसते नाव नव्हे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यघटनेच्या ३४१ आणि ३४२ या अनुच्छेदांखाली निघतात आणि त्यांत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. महाराष्ट्राच्या जमातींच्या यादीत गोंड जमातीच्या नोंदीत अनेक नावे स्वल्पविरामांनी तोडून लिहिली आहेत. त्यांत एक नाव आहे ‘गोंड गोवारी’. गोवारी समाजाचे म्हणणे असे की ते नाव आमचेच, ‘गोंड गोवारी’ अशी निराळी जमात नाही. कागदाचे म्हणणे असे की दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम नाही, तेव्हा हे एकच नाव आहे आणि ते तुमचे नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, नागपुरात गोवारींचा मोर्चा गेला. चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे मेली, त्यांत बाया आणि लेकरे पुष्कळ. पुढच्या वर्षी गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेण्यात आले. म्हणजे त्यांच्यासाठी निराळी यादी काढण्यात आली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. यादी जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात न्यायालयाने काही घालायचे नाही की काढायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व. ते २००० साली हलबा-कोष्टी प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितले होते. धनगर आणि ‘धनगड’ यांचा वाद तर एका अक्षराचा. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या याचिका फेटाळल्या.

निकाल चूक की बरोबर, यात मी पडत नाही. हक्कांची यादी उद्या ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे वाचायची म्हटली तर खऱ्या लाभधारकाच्या ताटातले जाईल, आणि गोंड-कोरकू समाजाने हे कितीतरी वेळा भोगले आहे. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की यादी एकदा झाली की तिचा आणि माणसाचा संबंध उलटा होतो. आधी माणसे होती, त्यांची नोंद म्हणून यादी झाली. मग यादी झाली, आणि तिच्याशी जुळण्याचे पुरावे माणसे गोळा करू लागली. नागपूरच्या त्या उड्डाणपुलाला आज आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. पुलावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्या नावामागे न दिलेला एक स्वल्पविराम आहे?

हा काही आपलाच दोष नव्हे. अमेरिकेच्या १९३० आणि १९४० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असा एक वर्ग होता. तिकडे गेलेले आपले लोक तेव्हा बहुतांशी पंजाबी शीख, तेही ‘हिंदू’च. १९७० मध्ये भारतीयांची गणती गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ असे नाव यादीत आले. पन्नास वर्षांत माणसे तीच, कातडी तीच, यादी मात्र तीनदा बदलली. एकाहून अधिक वंश निवडायची सोय तिथे २००० साली झाली. तोवर मिश्र विवाहातल्या मुलाने आई किंवा बाप यांतले एक निवडायचे!

आता थोडे आपल्या घरात डोकावू. ते सोपे नाही, आणि या अंकाच्या वाचकांना रुचेलच असेही नाही.

आम्ही सीमेवरचे मराठी लोक याद्यांनी पोळलेले आहोत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. जिल्हा हा घटक धरला; अख्ख्या छिंदवाड्याचा हिशेब झाला, त्यात सौंसर-पांढुर्ण्याची मराठी गावे बुडाली. खेडे हा घटक धरा, असे आपण बेळगावसाठी म्हणतो ते याच अनुभवावरून. आमच्या मुलांचे अर्ज हिंदीत, दाखले हिंदीत, नावांवरचे अनुस्वारसुद्धा हिंदीच्या पद्धतीचे. घटनेच्या ३५०-क अनुच्छेदाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितले आहे. पण मातृभाषा मराठी असलेली मुले किती, हे सांगणार कोण? जनगणना. म्हणून दर खेपेला मंडळांच्या सभांतून आवाहने निघतात: मातृभाषा मराठीच सांगा.

त्या आवाहनातल्या ‘च’पाशी मी थांबतो. ज्याची मराठी आहे त्याने संकोचाने हिंदी सांगू नये, हे अगदी रास्त. पण ते आवाहन पवारी बोलणाऱ्या घरातही पोचते. गोंडी बोलणाऱ्या घरातही पोचते. त्यांना आपण काय सांगत असतो? की तुमची बोली यादीत नाही, तर मग हिंदीपेक्षा मराठी जवळची धरा. हिंदीचा आकडा आमच्यासारख्यांच्या नोंदी गिळून फुगला म्हणून तक्रार करायची, आणि आपला आकडा फुगवायला शेजारणीची माय गिळायची! १९५१ मध्ये पंजाबात हिंदी की पंजाबी यावरून इतकी ओढाताण झाली की हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी यांचे आकडे जनगणनेला एकत्रच छापावे लागले. कोण काय बोलतो हे कळायचे ते कळलेच नाही. उत्तर जेव्हा मत होते तेव्हा असे घडते. १९४८ चा जनगणना कायदा माणसाकडून एवढेच मागतो की आपल्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे खरे सांग. आपल्या मंडळाच्या सोयीप्रमाणे सांग, असे त्यात कुठे नाही.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते: यादीच्या शेवटी ‘इतर’ असतेच की! ज्याचे नाव नाही त्याने ते निवडावे. या ‘इतर’विषयी मला कमालीचा संशय आहे. वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या पदार्थांची सहा प्रकारांत यादी केली. पुढच्यांनी तिच्यात सातवा घातला, ‘अभाव’. जे नाही त्यालाही जागा हवी, हे त्यांना उमगले. पण अभाव हा कशाचा तरी अभाव असतो. घटाचा अभाव, पटाचा अभाव. नाव त्यालाही लागते. ‘इतर’ला नाव नसते. पवारी सांगणारी बाई आणि कैकाडी सांगणारा बुवा ‘इतर’मध्ये एक होतात, आणि दोघांत सामाईक असते ते एवढेच की यादी करणाऱ्याला दोघेही आठवले नाहीत.

‘इतर’ आणि त्याच्यापुढे एक मोकळी ओळ, ही मात्र निराळीच वस्तू आहे. धर्माच्या रकान्याची गोष्ट सांगतो. २०११ मध्ये सहा धर्मांना संकेतांक होते. त्यांव्यतिरिक्त असेल तर नाव पूर्ण लिहा, अशी सूचना होती. त्या मोकळ्या ओळीत जवळपास पन्नास लाख लोकांनी ‘सरना’ लिहिले. दहा लाखांवर लोकांनी ‘गोंड’ किंवा ‘गोंडी’ लिहिले. यादीत ही नावे नव्हती. आज सरना धर्माला वेगळा रकाना द्या अशी मागणी होते तेव्हा तिच्या हातात एक आकडा असतो, आणि तो आकडा त्या ओळीने दिलेला आहे. ओळ नसती, नुसते ‘इतर’ असते, तर मागणारे म्हणाले असते ‘आम्ही पुष्कळ आहोत’, आणि देणारे म्हणाले असते ‘दाखवा’.

मोकळी ओळ मग जातीच्या रकान्यात का फसली, हा प्रश्न उरतोच. मला वाटते, ती ओळ फसली नाही. ओळीनंतरचे काम कोणी केले नाही. भाषांची साडेएकोणीस हजार नावे तज्ज्ञांनी बसून निवडली, पाखडली. जातींच्या नावांसाठी २०१५ मध्ये तज्ज्ञ समितीचे घोषित केले गेले, पण तिचे इतर सदस्यच नेमले गेले नाहीत आणि ती कधी बसली नाही. निवडण-पाखडणाचे काम किचकट असते, त्याला वेळ आणि पगार लागतो. यादी उंबरठ्यावर नेली की ते काम वाचते, असे वाटते. वाचत नाही. ते यादी न जुळणाऱ्या माणसाच्या अंगावर जाते, आणि तो ते फुकट करतो, दहा सेकंदांत, प्रगणक दारात उभा असताना, स्वतःचे काहीतरी कापून.

परवा आमच्या आळीतल्या एका घरी हीच चर्चा निघाली. आजी पवारी बोलणारी. सून काटोलकडची, तिची माय मराठी. नातू पांढुर्ण्याला हिंदी शाळेत. तो सरळ म्हणाला, माझी हिंदी. आजी त्याच्यावर डाफरली, “तुया मायची हिंदी आहे काय रे?” सून हसली. मी त्यांना सांगितले की हा प्रश्न घराला नसतो, माणसागणिक असतो. एका घरात दोन उत्तरे खरी असू शकतात.

“मंग दोनी लिवतीन काय जी?” आजीने विचारले.

“लिहायलाच पाहिजेत.”

“अन् माई त्या यादीत नसन त?”

“तर त्याला म्हणायचे, लिहून घे.”

“लिवाले जागाच नसन त?”

तिचा हा शेवटचा प्रश्न मी एका साध्या कागदावर उतरवून जिल्ह्याच्या कचेरीत दिला आहे. ठिकाण म्हणून तिगाव लिहिले, एक आय की दोन ई हा प्रश्न आला नाही, कारण अर्ज मराठीत केला. आवक क्रमांक मिळाला आहे.